पंख्यावरचा मोर

आष्टी
९ जून २०२५

चि. सायली,

त्या दिवशी नळाला पाणी लवकर आलं होतं. मी पिंप भरून घेतलं, अंगणात सडा टाकला, तवा तापत ठेवला आणि परातीत भाकरीचं पीठ घेतलं. हात पिठात असतानाच तुझे काका समोर येऊन उभे राहिले. शर्ट अंगात, बटणं सगळी उघडी. म्हणाले, "एवढी बटणं लाव गं."

मला वाटलं, या वयात लाडात आलेत. मी म्हटलं, "हात पिठाचे हायेत. आन् तुमी काय नवरदेव हाय व्हय?" ते हसले, पण हलले नाहीत. मग मी हात धुऊन बटणं लावली. खालून वर लावत गेले, गळ्याशी एक सोडलं, कारण आवळलेलं त्यांना चालत नसे. भाकरी खाऊन ते कचेरीत गेले. मी भांडी घासली, धुणं केलं. आठवण्यासारखं त्या सकाळी काही नव्हतं.

तू विचारलंस की दूध संघात दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसून काकांना मानेचा त्रास कधी सुरू झाला, तुमच्या कंपनीला एक खरी गोष्ट पाहिजे. ही घे. मला ते सगळं कळलं दवाखान्यात, ते कचेरीच्या जिन्यावरून पडल्यानंतर. डॉक्टर म्हणाले, मानेतली नस लई दिवसांपासून दबत आली असणार, पडणं हे शेवटचं. बोटं जड झाली नव्हती का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मला ती बटणं आठवली. ते गेल्याला तीन वर्षं झाली. बटणं रोज आठवतात.

आता मी त्याच कचेरीत शिपाई आहे, आणि त्याच कचेरीत तुझी कंपनी मान हलवायचं यंत्र पाठवणार आहे. व्यवस्थापक विठ्ठलरावांनी आम्हा सगळ्यांना उभं करून ते वाचून दाखवलं. माणसाला मान देवाने दिली, ती फिरवायची आठवण पुण्याने द्यायची. बरं आहे.

हे मी फोनवरही सांगितलं असतं, पण फोनवर तू "हो मावशी, हो मावशी" म्हणत दुसरंच काही करत असतेस. तू वसतिगृहात होतीस तेव्हापासून आपली पत्रं चालू आहेत. पत्राला तू उत्तर तरी देतेस.

तुझी मावशी
वनमाला


पुणे
१८ जून २०२५

प्रिय मावशी,

तुझं पत्र टीममध्ये वाचून दाखवणार होते. बटणांपाशी आले आणि नाही वाचलं.

यंत्र म्हणजे काही भयंकर नाही गं. कानामागे चिकटवायची एक चकती, रुपयाच्या नाण्याएवढी. कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात एक मोर असतो. बराच वेळ मान हलली नाही की तो पिसारा मिटून झोपतो. डावीकडे, उजवीकडे, वर, खाली सावकाश मान फिरवली की एकेक पीस उघडतं. बस, एवढंच. आठवड्याच्या शेवटी ज्याचा पिसारा सगळ्यात भरलेला, त्याचं नाव बोर्डावर वर. मोर मी काढलाय. लहानपणी सुट्टीत काकांनी मला माळावर मोर दाखवायला नेलं होतं, आठवतं? तोच आहे.

आष्टीचं नाव मीच सुचवलं. तिथे नीट चाललं तर पुढचं सगळं काम माझ्याकडे येईल. आमच्याकडेही सगळ्यांना चकती लावावीच लागते, बनवणाऱ्यांना तर आधी.

एक सांगायचं राहिलं. केस कापले. खांद्याच्याही वर. आई फोनवर रडली. रोज सकाळी वेणी घालत बसायला वेळ कुणाला आहे?

आणि एक विचारायचं होतं, माहितीपत्रकासाठी. बटणांच्या नंतर काय झालं? आधी कोणत्या हाताची बोटं गेली? दुखत होती, की नुसतीच जड? बटणं आणि जिना यांच्या मधे किती काळ गेला? जेवढं आठवेल तेवढं लिही. लवकर लिही.

तुझी
सायली


आष्टी
६ जुलै २०२५

चि. सायली,

तुझा मोर आला. त्याची हकीकत सांगते, कारण तुझ्या माहितीपत्रकात ती कुणी लिहिणार नाही.

पहिल्या दिवशी अध्यक्षांच्या हस्ते उद्घाटन झालं. प्रत्येकाच्या कानामागे चकती लागली. अध्यक्ष म्हणाले, मान वर-खाली हलवून दाखवा. त्याची आमच्या लोकांना सवय आहेच, अध्यक्ष बोलत असले की सगळे तेच करतात. पटापट पिसारे उघडले. फोटो निघाला.

दुसऱ्या दिवसापासून विठ्ठलरावांनी त्याची हजेरी केली. त्यांच्या पडद्यावर सगळ्यांचे मोर एकदम दिसतात. काचेच्या केबिनमधून आवाज येतो, "हनुमान, तुझा मोर कावून झोपला बे?" हनुमान म्हणजे दूधबिलं करणारा, तुझ्या काकांच्या शेजारच्या खुर्चीवरचा. तो उत्तर देतो, "साहेब, मोरनी माहेरी गेली."

मग साहेबांनी नवा हुकूम काढला. पूर्वी लोक चहाला उठून बाहेर लिंबाखालच्या टपरीवर जात. आता साहेब म्हणाले, "मान जाग्यावरच हलायलीय, मग बाहेर जाऊन पाय कशाला मोडायचे? वनमालाबाई चहा टेबलावर देतील." म्हणजे तुझ्या यंत्राच्या आधी माणसं दिवसातून दोनदा तरी खुर्चीतून उठत होती. ते तू बंद केलंस. शाबास.

ते आठवडाभर चाललं. पुढची करामत हनुमानची. हिशेबाच्या खोलीत एक जुना टेबलफॅन आहे, तोंड इकडून तिकडे फिरवणारा. हनुमानने कानामागची चकती काढली आणि त्या पंख्याच्या जाळीला चिकटवली. पंख्याने मान फिरवली, हनुमानच्या मोराने पिसारा फुलवला. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या चकत्या जाळीवर. एक लावणारा, एक राखण करणारा, बाकीचे मागच्या दाराने टपरीवर. मला म्हणाला, "वहिनी, ह्यो एकटा बिचारा सगळ्या हापिसाची मान हलवायलाय. ह्याला पगार लावा."

आता विठ्ठलराव खूश. रोज पडद्यावर मोरांची रांग. मात्र एक कोडं त्यांना सुटत नाही. कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर आहेत, पंखा नाही. त्यामुळे वीज गेली की सगळे मोर एका दमात झोपतात. साहेबांनी बैठकीत सांगितलं, "लाईट गेली की कर्मचाऱ्यांची उमेद जाते, असं शास्त्रीयदृष्ट्या दिसून आलंय." तुमच्या पुण्याच्या लोकांनी हे कागदावर घेतलं म्हणे. याच महिन्यात आमची आदर्श कचेरी बघायला ते येणार आहेत. येऊ देत. मी पंखा पुसून ठेवते.

आता तुझं. केस कापलेस ते तुझे आहेत, काप. पण वेळ नाही हे कारण मला सांगू नको. तुझी आजी खळ्यावर निघतानासुद्धा वेणी घालूनच निघायची. मोराची पिसं रंगवायला वेळ आहे आणि स्वतःच्या केसांचे तीन पेड घालायला नाही. पुण्याला गेलं की बायांचे हात एवढे कामाचे होतात का?

आणि तुझ्या काकांची बोटं. आधी कोणतं गेलं, नंतर कोणतं गेलं, दुखलं का, किती दिवस. हे तू मला यादी करून विचारतेस, रंगीत कागदावर छापायला. मी तुला बटणं दिली, तेवढी पुरे. बाकीचं माझं आहे. ते मी तुझ्या आईला, मंगललासुद्धा सांगितलेलं नाही, आणि ती माझी सख्खी बहीण. एवढी खरी गोष्ट पाहिजे असेल तर पंख्याची छापा.

तुझी मावशी
वनमाला


पुणे
१५ जुलै २०२५

प्रिय मावशी,

रागावलीस. बरोबर आहे. वेणीचं वाचून जरा वाईट वाटलं, ते जाऊ दे.

पंख्याचं वाचून मी एकटीच मोठ्याने हसले. कुणाला सांगितलं नाही, काळजी करू नको. हनुमानदादांना माझा निरोप दे. चकती जाळीच्या मधोमध लावू नका, कडेला लावा, नाहीतर झोका कमी पडतो. पंखा एक नंबरवरच ठेवा. सारखा फिरवत ठेवू नका, माणूस मान अशी सारखी फिरवत नाही, मधेमधे हात लावून थांबवा. आणि मुख्य म्हणजे रात्री बंद करायला विसरू नका. नाहीतर मोर रात्रभर नाचतो आणि सकाळी सगळे विचारतात, झोपेतसुद्धा व्यायाम करतेस का.

आमच्याकडच्या बोर्डावर गेले दोन महिने माझा मोर पहिला आहे. साहेब पाहुण्यांना दाखवतात, बघा, जिने बनवला तीच सगळ्यात पुढे. २४ तारखेला आमचे लोक आष्टीला येणार, त्यांच्याबरोबर मीही यायचं ठरलं होतं. बहुतेक जमणार नाही. एवढा वेळ गाडीत बसवत नाही.

काकांचं माहितीपत्रकात घालणार नाही, शपथ. कुठेच छापणार नाही. फक्त मला सांग. कोणता हात आधी, दुखत होतं का, आणि मधे किती दिवस होते.

तुझी
सायली


आष्टी
२० जुलै २०२५

सायली,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसले. हनुमानला निरोप दिला, तोही हसला. म्हणाला, "वहिनी, तुमची भाची आपल्यातलीच हाय की. पंखा रातभर चालल्यावर काय हुतं, हे केल्याबिगर कळत न्हाई."

तो चहाला गेला आणि मी तिथेच उभी राहिले, किटली हातात घेऊन.

घरी येऊन तुझी दोन्ही पत्रं पुढे ठेवली. तुझा मोर पंख्यावर आहे. तुझ्याच्याने वेणी घातली जात नाही. माहितीपत्रक कधी नव्हतंच. तू विचारत होतीस आणि मी तुला झिडकारत होते.

काल फोन लावला तर "मीटिंगमध्ये आहे" म्हणालीस. शनिवारी कसली मीटिंग? उद्या सकाळच्या एसटीने मी निघते. हे पत्र तुला माझ्यानंतरच मिळेल. तरी लिहिते, कारण दारात उभं राहून मला हे बोलता येणार नाही, आणि तू विचारलेलं सगळं तुला मिळालं पाहिजे.

उजवा हात आधी. करंगळी आणि शेजारचं बोट. दुखत नव्हतं. अजिबात नाही. दुखलं असतं तर ते डॉक्टरकडे गेले असते. दुखलं नाही म्हणून सगळ्यांना चेष्टा वाटली, त्यांना स्वतःलासुद्धा. बटणांच्या नंतर पेन. सही बदलली म्हणून बँकेने चेक परत केला, तर म्हणाले, बँकवाले माजलेत. मग डावा हात. मग पाय. पायातली चप्पल मागे राहायची आणि ते चार पावलं पुढे गेलेले असायचे, कळायचंच नाही. म्हणायचे, गादीवरून चालल्यासारखं वाटतंय. मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं व्हायचं, ते मला एकदाच बोलले, जेवताना, भात कालवता कालवता. मग म्हणाले, वाढ अजून.

बटणं दिवाळीच्या आधीची. जिना उन्हाळ्यातला. मधे तेवढेच दिवस होते.

मी येईपर्यंत मान फिरवू नको. मोरासाठी नको, कुणासाठीच नको.

वनमाला


दूध संघ कार्यालय, आष्टी
दि. २८ जुलै २०२५

प्रति,
श्रीमती वनमाला धर्मराज, शिपाई
मुक्काम पुणे

विषय : विनापरवानगी गैरहजेरीबाबत खुलासा.

आपण दि. २१ पासून कार्यालयात हजर नाहीत. विशेषतः दि. २४ रोजी पुणे येथील पाहुणे आपले आदर्श कार्यालय पाहण्यास आले असता चहापाण्याची व्यवस्था आपणाकडे सोपवलेली होती. आपण हजर नसल्याने चहा वेळेत मिळाला नाही. त्यातच वीज गेली व सर्व कर्मचाऱ्यांचे मोर पाहुण्यांसमोर एकाच वेळी झोपले, त्यामुळे संघाची नाचक्की झाली. आपण कोणाच्या परवानगीने गेलात, कोणत्या कारणाने गेलात व दि. २४ रोजी नेमके काय करीत होतात, याचा लेखी खुलासा करावा.

विठ्ठलराव
व्यवस्थापक


पुणे
२ ऑगस्ट २०२५

मा. विठ्ठलराव साहेब यांस,

आपण तीन गोष्टी विचारल्यात. त्याच क्रमाने सांगते.

परवानगी. १९ तारखेला दुपारी आपल्या टेबलावर चहा ठेवताना मी म्हटलं होतं, साहेब, सोमवारपासून पुण्याला जाते, भाचीचं बरं नाही. आपण पडद्यावरचे मोर बघत होतात. आपण मान हलवलीत. ती मी होकाराची धरली. आपल्या कचेरीत कोणाची मान कशासाठी हलते हे आता सांगता येत नाही, त्यात माझी चूक झाली असेल.

मोर का झोपले, हेही आपल्याला कोड्यात ठेवत नाही, कारण पाहुणे येऊन गेले आणि आता लपवण्यासारखं काही उरलं नाही. सगळ्यांच्या चकत्या हिशेबाच्या खोलीतल्या पंख्यावर होत्या. वीज गेली की पंखा थांबतो. उमेदीचा त्यात काही संबंध नाही. कोणाला नोटीस काढणार असाल तर पंख्याच्या नावाने काढा. आणि लोकांना चहाला उठून बाहेर जाऊ द्या, ते तसेही जातातच.

आता कारण. ज्या मुलीने तो मोर काढला, ती माझी भाची सायली. २१ तारखेला संध्याकाळी मी तिच्या खोलीवर पोहोचले. ती जिन्यात पुढे होती, हातात दुधाची पिशवी. मी खालून हाक मारली. तिने मान वळवली नाही. सगळी उभीच्या उभी वळली, दार वळतं तशी. पिशवी हातातून निसटली. ती म्हणाली, "ओली होती गं." पिशवी ओली नव्हती.

खोलीत टेबलफॅन चालू होता आणि त्याच्या जाळीला, कडेला, ती चकती. मी आधी तो बंद केला. ती म्हणाली, "मावशी, मोर झोपेल." मी म्हटलं, "झोपू दे."

मग ती बोलली. चैत्रापासून बोटं जड होती. मान खाली घातली की पाठीतून करंट. मोर बनवणारीचीच मान फिरत नाही असं कळलं तर मोर कोण घेईल, काम दुसऱ्याकडे जाईल, म्हणून तिने पंखा आणला. इतरांच्या मानेसाठी ती रोज बारा तास मान खाली घालून बसत होती, आणि तिथल्या एकाही शहाण्याला ते दिसलं नाही, कारण बोर्डावर ती पहिली होती. तिच्या साहेबांना मी स्वतः फोन केला. म्हणाले, "पण त्यांचा स्कोअर तर उत्तम आहे." मानेच्या कंपनीत मानेसाठी रजा मिळवायला मला दोनदा फोन करावा लागला.

२२ तारखेला मानेचा फोटो काढला. २३ ला डॉक्टरांनी तो उजेडावर धरून दाखवला. नस दोन ठिकाणी दबली आहे. ते म्हणाले, वेळ गेलेली नाही, पण आता एक दिवससुद्धा घालवू नका. बोटं सगळी परत येतील का, असं तिने विचारलं. ते म्हणाले, पुढे बिघडणार नाही एवढं बघतो, बाकीचं हळूहळू कळेल. शस्त्रक्रिया झाली आहे. काल तिने माझं बोट दाबलं. जोर कमी होता, पण दाबलं.

साहेब, तुमच्या जिन्याबद्दल मी तीन वर्षांत काही बोलले नाही. जुन्या फायली आणायला त्यांना वर तुम्हीच पाठवलं होतं. तुम्हाला माहीत नव्हतं आणि मलाही नव्हतं, म्हणून बोलले नाही. आता तुम्हाला माहीत झालं आहे. हनुमान बिलांचे पैसे हल्ली दोनदा मोजतो, नोटा चिकटतात म्हणतो. त्याला केबिनमध्ये बोलवा आणि शर्टाचं एक बटण काढून परत लावायला सांगा. तो थट्टा करेल. तरी बघत राहा.

मी कधी येईन ते सांगता येत नाही. पगार कापा.

राहिली २४ तारीख. डॉक्टरांनी आदल्या दिवशी बजावलं होतं, दाखल करायला आणाल तेव्हा डोक्यावरून ओढायचे कपडे नकोत, पुढून उघडणारं काहीतरी घाला. तिच्याकडे तसं एकही नव्हतं. बटणांचे सगळे कपडे तिने कधीच देऊन टाकले होते. संध्याकाळी मी खाली जाऊन एक सुती कुडता आणला. २४ च्या सकाळी मी तिच्या कुडत्याची बटणं लावली, खालून वर, आणि गळ्याशी एक सोडलं.

वनमाला धर्मराज
शिपाई